पुसलेले होल्डर

सत्यशीलाने हिरव्या बटणावर अंगठा ठेवला आणि पुन्हा उचलून घेतला. ही तिसरी खेप. डावा तळवा मात्र लाल बटणावर घट्ट होता. तो तिथून हलायला तयार नव्हता.

"लाल बटन कुटं पळून चाललं न्हाई," तिला मशीन शिकवणारे भागवतकाका मागून म्हणाले. "जरा सैल धर. हात भरून येईल."

ती हसली नाही. मशीनचं दार बंद होतं. काचेपलीकडे व्हाइसच्या जबड्यात लोखंडाचा चौकोनी ठोकळा धरलेला होता आणि त्याच्यावर वितभर उंचीवर कटर थांबला होता. काचेवर तिच्याच श्वासाचा ढग धरत होता आणि विरत होता.

नागापूर एमआयडीसीतल्या या शेडमध्ये तिचे वडील आसाराम एकोणीस वर्षं होते, त्यातली शेवटची सहा संगणकावर चालणाऱ्या याच सीएनसी मशीनवर. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी कटर तुटला आणि त्याचा बोटाएवढा तुकडा उघड्या दारातून त्यांच्या गळ्यात शिरला. दार उघडं ठेवूनच काम करायची इथली सवय. दार बंद असल्याचं मशीनला भासावं म्हणून खाचेत पत्र्याची पट्टी खुपसून ठेवलेली असे. पण कटर का तुटला हे कुणी नीट सांगितलं नाही. जुना असेल म्हणाले. लोखंड कडक आलं असेल म्हणाले.

मालक काकासाहेबांनी घरातल्या एकाला नोकरी देऊ केली, ऑफिसात फोन घ्यायला. शाळेतलं तासिकेवरचं शिकवणं सोडून सत्यशीला आली आणि म्हणाली, मला मशीन शिकायचंय. सोनईला घरी आई तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. कटर का तुटतो एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी ज्या दारासमोर उभं राहावं लागणार होतं, त्याच्याजवळून जाताना मात्र आठ महिन्यांनंतरही तिची पावलं आपोआप तिरकी पडत.

या आठ महिन्यांत तिने प्रोग्राम लिहिले, मशीन रिकामं चालवलं. लोखंडाला कटर आज पहिल्यांदा लागणार होता. जमलं नाही तर ऑफिसातली खुर्ची आहेच, असं काकासाहेब सकाळी चांगुलपणाने म्हणाले होते.

"काय काय केलं, म्हण बरं."

"प्रोग्राम हवेत चालवून पाहिला. पन्नास मिलिमीटर वर."

"आन्?"

"वेग पाव ठेवलाय. एकेक ओळ झाली की थांबेल. दार बंद आहे, खाचेत पट्टी नाही."

"किती येळा बघितलं?"

"चार."

"मंग पाचव्यांदा बघायला मुहूर्त काढायचा का?"

तिने बटण दाबलं.

कटर खाली आला, थांबला. तिने पुन्हा दाबलं. तो लोखंडात शिरला आणि लगेच आवाज आला. गेले आठ महिने ती काकांच्या मशीनचा ऐकत होती तसा सलग आवाज नव्हता हा. टक, टक, टक, घाईत कुणी कडी वाजवावी तसा. ठोकळ्याबरोबर काचही थरथरली. सत्यशीला मागे सरली. लाल बटण आपणच दाबलं हे तिला शांतता पसरल्यावर कळलं.

"बरूबर केलं," काका म्हणाले. "भ्या वाटलं की लालच. आता चाक पुरतं थांबू दे. दाराला हात लावू नको."

ती थांबली. सगळं स्तब्ध झाल्यावरही मनात दहापर्यंत मोजून तिने दार सरकवलं. ठोकळ्यावर खडबडीत लाटा उठल्या होत्या.

"काय झालं असेल?"

"मला इचारू नको. त्यालाच इचार."

तिने विचारायला सुरुवात केली. ठोकळा सैल होता का? नव्हता. कटरची धार बोथट? भिंगाखाली धरून पाहिली, नवी कोरी होती. नट घट्ट होता. मग तिने वाकडेपणा मोजायचा डायल लावला, त्याचं टोक कटरला टेकवलं आणि हाताने कटर हळूहळू फिरवला. काटा सात रेघा गेला, सात रेघा परत आला.

"एक रेघ चालती," काका पुढे येत म्हणाले. "सात म्हंजी वाकडा बसलाय. काढ भाईर."

कटर ज्यात धरलेला असतो तो होल्डर तिने दोन्ही हातांनी खाली उतरवला. त्याचा वरचा निमुळता भाग आरशासारखा घासलेला असतो. तो मशीनच्या पोटात जाऊन बसतो. त्या आरशावर एक ठिपका होता. दाबून चपटा झालेला, कागदाएवढा जाड, पिवळा आणि मधे लाल.

काकांनी नखाने खरवडून वास घेतला.

"हळदकुंकू. खंडेनवमीचं. ताट कुनी धरलं हुतं परवा?"

"रुपालीने."

रुपाली काकासाहेबांची सून. कोपरगावची, वैशाखात लग्न होऊन आलेली.

"नव्या पोरीला काय ठावं! चकचकीत दिसलं, तितं लावलं. आसाराम हुता तवर तोच पूजा करायचा, त्यो ह्या खालच्या कडेला बोट लावायचा. वरचा भाग म्हंजी डोळ्यातलं बुबुळ. कन जरी गेला तरी समदं वाकडं फिरतं. कटर लांब आसला तर मंग तुटतोय बी..."

त्यांनी नखातलं हळदकुंकू सदऱ्याला पुसलं.

सत्यशीलाने होल्डर टेबलावर ठेवला. हळूच ठेवला, तरी आवाज झाला. गेल्या खंडेनवमीला ती सोनईहून मुद्दाम आली होती. लाल कापडावर होल्डर आडवे मांडले होते. "लेकीच्या हातून होऊ दे औंदा," असं वडील काकासाहेबांना म्हणाले, ताट तिच्या हातात दिलं आणि नारळ फोडायला बाहेर गेले. एकेक होल्डर तिने हातात घेतला होता. तेलकट कडा सोडून, जिथे आपला चेहरा दिसत होता तिथे, नीट, अंगठ्याएवढं.

तिने ओढणीला हात पुसले. पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"मागल्या साली मी पुसले हुते," भागवतकाका म्हणाले. ते तिच्याकडे नाही, डायलकडे पाहत होते. "समदे. काम चालू व्हायच्या आदी. आसाराम म्हनला, पूस बाबा, पोरीनं पार माखून ठिवलेत. मंग मी पुसले."

वडील गेले त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर भागवतकाका आले ते थेट कोल्हारच्या गाडीतून. नवा सदरा, खांद्याला पिशवी, खिशात कुणी दिलेली आपट्याची पानं. दसऱ्यासाठी खंडेनवमीपूर्वीच गावी गेलेला माणूस दोन दिवस आधीच परत आला, म्हणून आईने त्यांचे पाय धरले होते.

"नीट पुसले होते ना?" सत्यशीलाने विचारलं.

"नीट," काका म्हणाले. "घासलेटनं."

तिने मान हलवली. रॅकमधले चौदाच्या चौदा होल्डर तिने टेबलावर घेतले. काकांनी फडकं उचललं तसं तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. एकेक होल्डर उजेडात फिरवून ती पुसत गेली. अकरांवर ठिपका होता. मशीनच्या पोटात हात घालायची वेळ आली तेव्हा तिने आधी मशीन बंद केलं, चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली, आणि मग मनगटापर्यंत हात आत घातला. आतून फडकं पिवळं होऊन आलं.

होल्डर पुन्हा चढवून डायल लावला. काटा अर्धी रेघ हलला. तिने दार लावलं, खाच पाहिली.

"ताई, मामंजी विचारतायत, मशीन का थांबलं?"

रुपाली चहाचे कप घेऊन आली होती आणि नेमकी दाराच्या काचेसमोर उभी राहिली होती. तिची नजर पिवळ्या फडक्यावर गेली. मग टेबलावरच्या होल्डरांवर, ज्यांच्यावर आता एकही ठिपका नव्हता.

"माझं काही चुकलं का?"

सत्यशीलाने काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे किंचित मिटले आणि मान हलवली, नको म्हटल्यासारखी.

"हो," सत्यशीला म्हणाली. "कुठे लावायचं असतं ते दाखवते. का, तेही सांगते."

रुपालीचे कप किणकिणले. सत्यशीलाने तिच्या दंडाला धरलं.

"पण आधी या दारासमोरून बाजूला हो."