समोरून येणारी मोटार

देवेंद्रकुमारनं डावं बटण दाबलं आणि मोटार पुन्हा भिंतीवर आदळली.

"दुसरं दाब, दुसरं," अमरसिंग सर म्हणाले. "समोरून येऊन राह्यली का तिचं डावं ते आपलं उजवं. किती डाव सांगू तुले?"

मोटार म्हणजे चार चाकांचा पत्र्याचा डबा. तिला लांब तार, तारेच्या टोकाला लाकडी पेटी, पेटीवर दोन बटणं. दोन्ही दाबली की सरळ जाई, एक दाबलं की त्या बाजूला वळे, सोडली की थांबे. देवेंद्रनं दिवाळीची सुट्टी घालवून ती बनवली होती. जाताना ती शहाण्यासारखी जाई. येताना मात्र बनवणाऱ्याचीच फजिती करी. वाशीमच्या विज्ञान प्रदर्शनात ती खुर्च्यांमधून वळणं घेत जाणार आणि तशीच परत येणार होती. सरांनी जऊळक्याच्या शाळेतल्या दहावीच्या सगळ्या वर्गाला ती चालवायला देऊन पाहिली. शेवटी दोघं उरली, देवेंद्र आणि सोजर.

सोजरनं पेटी घेतली. मोटार नीट गेली. ती परत वळली तशी सोजरही वळली. मोटारीकडे पाठ करून, मान मागं फिरवून बघत तिनं ती सरळ खडूच्या चौकोनात आणली. आता मोटारीचं डावं तेच तिचं डावं होतं. सरांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात दारातून मुख्याध्यापक रामराव बोलले. शाळेत काही चांगलं चाललं की त्यांना तिथं पोहोचायची घाई होई.

"शिक्षण खात्याचे साहेब समोर बसतीन अन् हे पोरगी त्यायले पाठ दाखवीन? शाळेचं नाक कापता काय?"

"पण सर, मोटार तिच्याच हातानं येते," अमरसिंग सर म्हणाले.

"हुकूमचंदाच्या पोरानं बनवली, तोच चालवीन. अन् तोंड साहेबाकडं पाहिजे."

झालं. सोजरच्या वाट्याला तार आली. मागं उभं राहून गुंडाळी सोडायची, ओढायची, गुंता होऊ द्यायचा नाही. वर देवेंद्रला तयार करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. ज्याला आपली जागा मिळाली त्यालाच शिकवायचं म्हणजे अतीच होतं. तिला जेवण गोड लागेना. रोज घरी जाताना ती वाटेतल्या दगडांना लाथा मारी.

"तू मोटारीत बसला हाय असं समज," ती म्हणे.

"डब्ब्यात कसा बसू?"

"तं मंग पाठ फिरव."

"बाबूजी येणार हायेत पाह्यले. त्याइले पाठ दाखवू?"

तो चुकत राहिला. प्रदर्शनातही चुकावा असं सोजरला मनापासून वाटे, आणि तसं वाटतं म्हणून स्वतःचा रागही येई.

वाशीमच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत साहेब बसले, दोन रांगा मागं देवेंद्रचे वडील हुकूमचंद. मोटार झोकात गेली. परतताना पहिल्याच खुर्चीला घासून थांबली. कुणीतरी हसलं. देवेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं साहेबांकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि एकदम साऱ्यांकडे पाठ फिरवली. रामरावांनी डोळे मिटून घेतले.

पण तो मान वळवून मोटारीकडे बघतच नव्हता. तो समोर उभ्या असलेल्या सोजरच्या हातांकडे बघत होता. येणाऱ्या मोटारीवर तिचे डोळे होते आणि तारेच्या गुंडाळीवर तिचे अंगठे आपोआप दाबले जात होते. तिचा उजवा दाबला की समोर त्याचा डावा दाबला जाई, आरशातल्यासारखा. हे तिच्या ध्यानात आलं. हात थांबवले असते तर मोटार तिथंच राहिली असती. दुसरी खुर्ची जवळ आली. सोजरनं डावा अंगठा दाबला. त्यानं उजवा दाबला.

मोटार चौकोनात येऊन थांबली.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "मागं न बघता आणली पोरानं."

टाळ्या वाजल्या. हुकूमचंद उभे राहिले. पाठ फिरवायची युक्ती आपलीच असल्यासारखे रामराव सगळीकडे बघून हसत होते. सोजरला मोटार आल्याचा आनंद झाला आणि रडूही आलं.

"पुन्हा एकदा दाखव बाळ," साहेब म्हणाले.

देवेंद्रनं मोटार पाठवली, टोकाला वळवली आणि थांबवली. मग तो सोजरकडे तोंड करून उभा राहिला. पेटीवर त्याचे अंगठे तयार होते.

सोजरनं गुंडाळी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आता पेटी दे," ती म्हणाली.