पहिल्या दिवसाचा आकडा

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना पाठीमागे सगळे ‘शिक्का’ म्हणत. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव उमटवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण त्यांनी एका मेलेल्या माणसालाही सोडलं नाही, आणि तो मेलेला माणूस मिस्त्रीच्या लेकीचा बाप होता.

हा मिस्त्री म्हणजे अण्णा. ते तिथे यंत्रांची दुरुस्ती करायचे. प्रयोगशाळेसमोरच्या तळ्याच्या तळाशी सोडलेला तापमापक दरवर्षी जास्तच खोटं बोलू लागला. तेव्हा अण्णा रोज सकाळी तळाचं पाणी बाटलीत वर काढत, काचेच्या थर्मामीटरनं मोजत आणि फरक वहीत मांडत. तापमापकाच्या आकड्यात तो मिळवला, की त्या दिवसाचं खरं तापमान निघे. अकरा वर्षं. चार हजार अठरा आकडे.

लेक तिथेच प्रोग्रामर. तिनं सी भाषेत प्रोग्राम लिहून हे सगळं डेटाबेसमध्ये चढवलं. रोज बदलणाऱ्या गोष्टी ॲरेत, म्हणजे प्रत्येक दिवसाला वेगळा आकडा. न बदलणाऱ्या गोष्टी स्थिरांकात, म्हणजे एकदाच लिहायच्या आणि सगळ्या नोंदींना लागू. अण्णांचे फरक ॲरेत गेले. ‘नोंदी कुणाच्या’ या स्थिरांकात तिनं अण्णांचं नाव घातलं.

अण्णा जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच शिक्क्यानं तिला बोलावलं. “मिस्त्र्यांची नावं शास्त्रात घालत नाहीत, कळलं का तुला?” म्हणाला, आणि प्रोग्राम स्वतःकडे घेतला. अण्णांचं नाव काढून स्वतःचं घातलं ते घातलंच, वर ‘सुटसुटीत करतो’ म्हणून फरकांच्या ओळीतही हात घातला. ॲरे लिहिणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याला, आकडे किती ते सांगावं लागतं. ते काही त्याला जमेना. मग त्यानं स्थिरांक लिहिणारं फंक्शन घेतलं आणि तीच ॲरे त्याच्या हाती दिली. सी भाषेनं हूं की चूं केलं नाही. त्या फंक्शननं ॲरेतला पहिला आकडा, म्हणजे पहिल्या दिवसाचा फरक, उचलला आणि चार हजार अठरा दिवसांना तोच चिकटवला.

मिस्त्रीच्या लेकीनं दुसऱ्याच दिवशी ते पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली. ती सांगायला म्हणून उठली, आणि पुन्हा खाली बसली.

“सांगून टाक बाई,” घरी आई म्हणाली. “कशाला डोक्यात ठेवतेस?”

“सांगितलं तर गुपचूप दुरुस्त करेल, आणि नाव त्याचंच राहील.”

“अगं, तुझ्या बापानं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही.”

“म्हणून तर मला चिंतावं लागतंय.”

दहा महिने तिनं तोंड शिवून ठेवलं. मग बाहेरून तपासणी समिती आली. समितीतल्या वयस्कर बाईंनी पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवलं. “तळाचं पाणी उणे दोन अंश? आणि त्याच दिवशी वर होड्या चालत होत्या?”

शिक्क्यानं मिस्त्रीच्या लेकीकडे बोट दाखवलं. “हे... हे हिचं काम.”

बाईंनी एक नोंद उघडली, मग दहा उघडल्या. “सगळीकडे नाव तर तुमचं आहे. प्रत्येक दिवसाला.”

मिस्त्रीच्या लेकीला इतका आनंद झाला, की तिला स्वतःचीच जरा भीती वाटली.

समितीनं आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात खरे आकडे आले नाहीत तर प्रमुखपद गेलं. त्याच दुपारी शिक्का तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “ताई, मूळ ॲरे माझ्याकडून तेव्हाच पुसली गेली. तुमच्याकडे असेल ना?” आज ताई, आज तुम्ही!

“अण्णांच्या वह्या आहेत.” तिनं पिशवीतून अकरा वह्या काढून त्याच्यापुढे रचल्या आणि स्वतःची खुर्ची त्याला दिली. “आधी ‘नोंदी कुणाच्या’ ती ओळ. नाव मी सांगते, तुम्ही लिहा.”

त्यानं लिहिलं. मान वर केली नाही.

“आता पहिली वही. एकेक आकडा.”

“सगळे? हातानं?”

“अण्णांनी हातानंच लिहिलेत.”

शिक्का टाइप करू लागला. सगळी ॲरे, चार हजार अठरा आकडे, तिच्या पर्समधल्या पेनड्राइव्हवर तयार होती. चढवायला मिनिटभर लागलं असतं. तिनं पर्स मांडीवर घेतली, चेन नीट लावली आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

“सर, तिसरा आकडा चुकला. खोडा.”