अंगणातला दिवा

आळे गावाच्या माळावरच्या त्या एकट्या घराला विजेची तार कधी पोचलीच नाही. सगळी भिस्त छपरावरच्या सोलरवर. बॅटरी पुरावी म्हणून यंदा नातीनं, दिशानं, घरभर सेन्सर बसवले. माणूस हलला की दिवा लागायचा, गेला की आपोआप बंद. सरुबाईला घरातलं सगळं पटलं, अंगणातला दिवा मात्र डोक्यात गेला.

तो दिवा ज्या खांबावर बसवला, त्याच खांबाला ती पूर्वी दिवेलागणीला कंदील टांगायची. तो उजेड धरून तिचा नवरा यमाजी मेंढरं घेऊन डोंगर उतरायचा. कंदील दिसला की वरूनच हाळी द्यायचा, आणि ती चुलीवर तवा ठेवायची. यमाजीला जाऊन आता सात वर्षं झाली.

संध्याकाळी दिशा मोबाइलवर दिव्यांची नोंद बघून ओरडली, "आजी, अंगणातला दिवा तासभर चालूच हाये! कोण फिरतंय तिथं?"

खांबाला बांधलेलं कोकरू उड्या मारत होतं.

"मीच बांधलंय," सरुबाई फणकारली. "माणूस दारात आल्यावर दिवा लागून काय उपेग? दिवा बघून माणूस घरी येतो, बये."

तेवढ्यात खालच्या वळणावर तिच्या लेकानं, हनुमंतानं, गाडीचा हॉर्न वाजवला. सरुबाईनं चुलीवर तवा ठेवला.