उजवी बाजू

रमेश सबनीसांनी कपाटातून बंदूक काढली आणि जेवणाच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवली. उजवी बाजू वर, डावी खाली. गेलं वर्षभर ते तिला असंच ठेवत होते. लोखंडी कपाटातसुद्धा तिची डावी बाजू भिंतीकडेच असायची.

खालची दांडी ओढून काडतूस वर घ्यायची जुनी अमेरिकन रायफल. मधली चौकट पितळेची, आणि नंबर बाहेर कुठेच नाही, तो कुंद्याच्या लाकडाखाली दडलेला. अगदी पहिल्या घाण्यातली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्यांपैकी ती एक आहे, हे शोधून काढण्यात त्यांची रिटायर झाल्यानंतरची सगळी वर्षं गेली होती. मनोरमाबाई म्हणायच्या, "सवत बरी आहे हो माझी. निदान जेवायला तरी मागत नाही!"

आज दसरा, आणि आजच श्टाइनबाखसाहेब, जर्मन रिवाजाने 'हेर श्टाइनबाख', कॅमेरा घेऊन येणार होते. जुन्या बंदुकांवर त्यांचं पुस्तक निघत होतं आणि त्यातलं एक अख्खं पान या बंदुकीला मिळणार होतं. गेल्या आठवड्यात ते बघून गेले तेव्हा उजव्या बाजूच्या काळपट पितळेवर जीव ओवाळून टाकायचेच बाकी राहिले होते.

"हा रंग म्हणजेच तिचं वय, हेर सबनीस. हा परत आणता येत नाही."

मग त्यांनी बंदूक उलटी केली. डावी बाजू लख्ख पिवळी.

"आख! हे कोणी केलं?"

रमेशरावांनी बंदूक पुन्हा उलटून ठेवली.

"आल्झो, असं करू, फोटो उजव्या बाजूचाच घेऊ. कोणाला कळायचं नाही."

गेल्या दसऱ्याची गोष्ट. ड्युसेलडॉर्फमध्ये आपटा कुठला मिळायला? कोपऱ्यावरच्या गिंकोच्या झाडाची दुभंगलेली, पिवळी पानंच सोनं म्हणून वाटायची, ही मनोरमाबाईंची पद्धत. शस्त्रपूजेसाठी बंदूक काढून ठेवून रमेशराव पानं आणायला गेले. परत येऊन बघतात तर घासलेल्या समईशेजारी मनोरमाबाई बंदुकीला चिंच लावून बसलेल्या.

"अगं, काय केलंस हे! सत्यानाश केलास!"

त्यांचा हात तसाच थांबला. "अहो, पितळच ना? मग काळंकुट्ट कसं पुजायचं?"

रमेशरावांनी बंदूक हिसकावून घेतली. पूजा तिच्याविनाच झाली. पुढे काही दिवस घरात अबोला होता. मग बोलणं सुरू झालं, पण बंदुकीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही, आणि जानेवारीत मनोरमाबाई गेल्या.

समई वर्षभरात पार हिरवट पडली होती. रमेशरावांनी ती सिंकमध्ये ठेवली आणि ड्रेस्डेनला लेकीला फोन लावला.

"दिया, चिंच किती वेळ भिजवायची गं?"

"कायने आनुंग, पापा." तिलाही कल्पना नव्हती. मग ती मराठीत म्हणाली, "आईला विचारायला हवं होतं."

"हं."

त्यांनी अंदाजानेच भिजवली. समई घासली, ताम्हन घासलं. "पंचा द्या हो," असं कोणी म्हणेना. घर खायला उठतं म्हणजे काय, ते त्यांना वर्षभर कळतच होतं, पण आज सणाच्या दिवशी ते अगदी असह्य झालं. तिला एकदा तरी म्हणायला हवं होतं, असू दे गं, पितळच आहे.

हातात चिंचेचा चोथा उरला होता. ते टेबलापाशी आले. आधी बोटाएवढ्याच जागेवर लावून पाहिला. काळपटाखालून पिवळा रंग वर आला, तसे ते खुर्ची ओढून बसले आणि जोर लावून घासायला लागले.

बेल वाजली तेव्हा समई तेवत होती. बंदुकीच्या दोन्ही बाजू सारख्याच झळकत होत्या आणि उजव्या बाजूवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

हेर श्टाइनबाख दारातून आत आले आणि जागीच थांबले. त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

"हेर सबनीस... अहो, पुस्तकातलं पान गेलं तुमचं! कोणी केलं हे?"

"आम्ही दोघांनी," रमेशराव म्हणाले, आणि गिंकोचं एक पान त्यांच्या हातावर ठेवलं.