सेवाज्येष्ठतेनुसार कंबर

हिंदी मुलखातल्या आमच्या या सरकारी कार्यालयात खुर्च्या आठ आणि बसणारा एकच, तुळशीराम बोकडे. बाकी आम्ही सातजण सकाळी हजेरी लावतो, खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवतो, टेबलावर चष्म्याचं घर उघडं ठेवतो आणि कामाला लागतो, म्हणजे आपापल्या कामाला. कोणी चौकशीला आलं की तुळशीराम मान वर न करता सांगतो, "अभी तो यहीं थे." त्या बिचाऱ्याने हे वाक्य आमच्यासाठी इतक्या वेळा म्हटलंय की आम्ही खरोखर तिथेच होतो असं मलाही अधूनमधून वाटतं.

मी योगेंद्र देवतळे, वरिष्ठ लिपिक, सेवाज्येष्ठता यादीत पहिला. माझ्याबद्दल एवढंच पुरे.

तुळशीरामचं टेबल जुन्या नोंदींचं. सगळ्यांचे फोन तोच घेतो, सगळ्यांच्या फायली तोच शोधतो, त्यामुळे त्याला उठता येत नाही. सहा वर्षांपासून त्याची कंबर दुखते. खुर्चीतून उठताना तो आधी टेबलाची कड धरतो, मग थोडा वेळ तसाच वाकून उभा राहतो. शहराबाहेर रिछाईच्या कारखान्यांत फिरून रजिस्टरं तपासायचं एक काम आमच्याकडे आहे. धूळ, ऊन, पायपीट, म्हणून ते कोणालाच नको असतं. बसून राहणं तरी सुटेल, म्हणून तुळशीरामने त्यासाठी तीन अर्ज केले आणि तिन्ही नामंजूर झाले.

यात साहेबांचाही फार दोष नव्हता. आमच्या कार्यालयातला रजेचा प्रत्येक अर्ज 'कमर में दर्द' याच कारणाने सुरू होतो. नागपूरला भाच्याचा साखरपुडा होता तेव्हा माझी कंबर दुखली होती, आणि सासुरवाडीची मंडळी नदीकाठी तिलवाऱ्याला भरीत-भाकरी करायला जमली तेव्हाही. त्यामुळे तुळशीराम कंबर म्हणाला की साहेब हसत, इस दफ्तर में किसकी नहीं दुखती, असं म्हणत आणि पुढचा कागद घेत.

डिसेंबरात इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातून प्रणाली नावाची मुलगी आली. तासन्‌तास बसून राहिलं की पाठीच्या कण्यावर कुठे आणि किती ताण येतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. मूळची आमच्याच वऱ्हाडाकडची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. तिने आठ पट्टे आणले होते. प्रत्येकाला काडेपेटीएवढी डबी. शर्टाच्या आत कमरेला बांधायचा, आणि पाच दिवस दहा ते पाच माणूस किती वाकला, किती हलला, कधी उठला, सगळं डबीत नोंदलं जाणार. साहेब त्या दिवशी खुशीत होते. ते म्हणाले की यंत्राने ज्याची कंबर खरोखर खराब दाखवली, त्याच्या अर्जाचा विचार होईल. तुळशीरामने आपला पट्टा दोन्ही हातांनी घेतला आणि त्याच दिवशी चौथा अर्ज दिला.

कधी उठला हेही नोंदलं जाणार, हे ऐकून मला मात्र घाम फुटला. पट्टा टेबलावर ठेवून जावं तर यंत्र म्हणणार की माणूस मेला. त्याला हलतं, बसलेलं शरीर हवं होतं आणि आमच्याकडे तसं एकच होतं. सव्वादहाला मी माझा पट्टा तुळशीरामला दिला आणि जरा सांभाळ म्हटलं. त्याने तो बांधला. साडेदहापर्यंत सातही पट्टे त्याच्याकडे गेले.

आता कमरेवर आठ पट्टे मावत नाहीत, ते पाठीवर एकाखाली एक चढवावे लागतात. त्यावरून वाद झाला. कालपरवा लागलेल्या अनिमेषचा पट्टा वर आणि एकोणतीस वर्षं नोकरी झालेल्या माझा खाली, हे मी चालू देणार नव्हतो. शेवटी भिंतीवरची सेवाज्येष्ठता यादी काढली. माझा पट्टा खांद्याच्या पात्यांखाली, मग यादीप्रमाणे उतरत उतरत अनिमेषचा पार माकडहाडाजवळ. तुळशीरामचा स्वतःचा तिसरा. वरून स्वेटर घातला की तो गुंडाळलेल्या गादीसारखा दिसे. पाचही दिवस रोज सकाळी याच क्रमाने बांधाबांधी झाली.

आठवडा मजेत गेला. मी कमानिया गेटच्या बाजारात बायकोने सांगितलेल्या सगळ्या वस्तू घेतल्या, तिने न सांगितलेली खोव्याची जलेबीही खाल्ली. तिथेच अनिमेष भेटला. दोघेही ऑफिसात होतो, म्हणून ओळख दाखवली नाही.

पुढच्या सोमवारी आम्हा आठ जणांना साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. प्रणाली लॅपटॉप उघडून बसली होती. तिने अगदी नम्रपणे सांगितलं की बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आठही जण एकाच सेकंदाला शिंकले होते. शिवाय आठही जण दिवसातून बावीस वेळा, एकाच क्षणी, डावीकडे वाकत होते. तुळशीरामच्या टेबलाचा अडकणारा खण डावीकडे खालीच आहे.

पितळ उघडं पडणार म्हटल्यावर मी ज्येष्ठत्वाच्या नात्याने पुढे झालो. एकच दालन, एकच हवा, वर्षानुवर्षांची सोबत. माणसं एकमेकांसारखी होणारच, असं मी साहेबांना समजावलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त ते त्यांना पटलं. आठही कंबरा सारख्याच, तर मग बोकडेची काय विशेष, असं म्हणून त्यांनी तुळशीरामचा चौथा अर्ज ओढला आणि त्यावर 'अस्वीकृत' लिहिलं. प्रणालीने लॅपटॉप मिटला. हे सगळं आपण टाकून देणार, हे काही कामाचं नाही, असं ती म्हणाली.

तुळशीराम साहेबांच्या टेबलाची कड धरून उभा होता. मला त्याचाच राग आला. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं की आम्ही पट्टे दिले तेव्हा तू नाही काहून म्हटलं नाहीस?

"माह्या एकट्याचा पट्टा म्हणजे माह्या एकट्याचं म्हणणं, देवतळेजी," तो म्हणाला. "सहा वर्षांपासून सांगून राहिलो, कोणी मानत नाही. मनात म्हटलं, आठ जणायच्या नावानं दुखली तं मानतील."

मला लाज वाटली. नोकरीत मला अशी लाज कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करतात ते माहीत नव्हतं. मी सरळ साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, आठों पट्टे इसी की पीठ पर थे. मैं सीट पर था ही नहीं."

साहेब काही बोलायच्या आत प्रणालीने लॅपटॉप पुन्हा उघडला. आम्ही असं का केलं हे तिने विचारलंच नाही. कोणता पट्टा पाठीवर नेमका कुठे होता, तेवढंच सांगता येईल का, असं तिने विचारलं. न सांगता यायला काय झालं? अनिमेषने धावत जाऊन भिंतीवरची यादी आणली. प्रणाली त्यातलं एकेक नाव वाचत गेली आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत तुळशीरामचा कणा उभा राहिला. एकाच माणसाच्या पाठीवर आठ जागी, पाच दिवस. असं मोजून घ्यायला एरवी कोणी तयार होत नाही, म्हणाली. यंत्राला दुखणं दिसत नाही हे तिने आधीच बजावलं. पण खण ओढताना वरची तीन नावं चांगली वाकत होती आणि खालची पाच जेमतेम कलत होती. एकदा तर ती पाच नावं सलग तीन तास चाळीस मिनिटं जागची हललीच नव्हती. साहेबांनी खुर्ची पुढे ओढून ते बराच वेळ पाहिलं.

हे सगळं ग्राह्य धरायचं तर तुळशीरामची संमती हवी, आणि पट्टा अंगावर नव्हता असं सातही जणांनी लिहून द्यायला हवं, असं प्रणाली म्हणाली. लिहून म्हटल्याबरोबर माझ्या मागची सहा माणसं भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली. मी कागद मागितला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी आपल्या जागेवर नव्हतो, असं लिहून खाली सही ठोकली आणि कागद यादीतल्या दुसऱ्यापुढे सरकवला. आमच्याकडे वरिष्ठाच्या आधी कोणी सही करत नाही, आणि वरिष्ठाने केल्यावर नाही म्हणायची कोणाला सवय नाही. कागद उतरत उतरत अनिमेषपर्यंत गेला.

साहेबांनी 'अस्वीकृत' खोडलं. रिछाईची फेरी तुळशीरामला मिळाली. मग नोंदींच्या टेबलावर कोण बसणार, असं म्हणत त्यांनी तीच यादी उचलली आणि वरून वाचायला घेतली. त्यांना फार खाली जावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी तुळशीराम संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्याच्या टेबलावर सकाळपासून होतो. काही फरक आहे का, असं मी विचारलं.

"एका दिवसात काय फरक पडते? दुखतेच. पण आज साहेबानं सोताहून विचारलं, बोकडेजी, कमर कैसी है म्हणून."

हे सांगताना तो उभाच होता. मी माझी खुर्ची मागे सारली आणि त्याला बस म्हटलं.

"नाही जी," तो म्हणाला. "तुम्ही बसा."