दुमडीवरचा आकडा

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्याला त्याला लेपमहाराजांचा लेप हवा होता. वर्षानुवर्षं इसबानं अंग ओरबाडणारी माणसं बोटभर लेप घेऊन जायची आणि तिसऱ्या दिवशी गुळगुळीत हात मिरवत परत यायची. चमत्कार नाही तर काय!

"खाज कातडीला नसते, बाळांनो," महाराज डोळे मिटून सांगत. "खाज पापाला असते! पाप आतून दार ठोठावतं आणि तुम्ही बाहेरून खाजवत बसता!" लोक माना डोलवत, आणि डोलवता डोलवता त्याच माना खाजवतही असत.

याच हॉलमध्ये अक्काची अब्रू गेली होती. अक्का भंगाराच्या दुकानात माल निवडायची. पत्रा वेगळा, तांबं वेगळं, अॅल्युमिनियम वेगळं. हात चालले तरच चूल पेटणार, आणि नेमकं त्याच हातांवर, कोपरांच्या लवणीत, मानेवर असं इसब की खाजवून खाजवून चादरीला रक्ताचे डाग पडत. जाऊबाई म्हणायच्या, "नको ना गं खाजवू!" जशी काही अक्काला हौसच होती.

लेपानं तीन दिवसांत खाज गेली. चार महिने अक्का सकाळ-संध्याकाळ तो फासत राहिली. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. पत्र्याची कड नुसती लागली तरी रक्त येई. घाबरून तिनं लेप बंद केला, तर आठवड्याभरात सगळं अंग लालबुंद होऊन पेटलं. हातात खिळा धरवेना. रडत ती हॉलमध्ये गेली, तेव्हा महाराजांनी भरसभेत तिच्याकडे बोट दाखवलं. "बघा! हिच्या मनात शंका आली. भोगतेय!" शेजारच्या बायांनी खुर्च्या लांब सरकवल्या. त्या सरकलेल्या खुर्च्या अक्का विसरली नाही. विसरायच्याच नाहीत असं तिनं ठरवलं होतं.

मग एका मंगळवारी हॉलवरून भंगाराच्या दुकानात एक पोतं आलं. आत मलमाच्या रिकाम्या ट्यूबा, शेकड्यांनी. नावं ब्लेडनं खरवडलेली. भंगारवाल्यांना काय कळतंय, असं महाराजांना वाटलं असणार! पण ट्यूबचं शेपूट दुमडून दाबतात, तिथं कारखान्याचा आकडा, म्हणजे बॅच नंबर, ठशानं उमटवलेला असतो, आणि तो ब्लेडला दाद देत नाही. अशी शेपटं कापण्यात अक्काची वीस वर्षं गेली होती. तिनं पिशवी भरली आणि तडक औषधाचं दुकान गाठलं.

औषधवाल्यानं फळीवरच्या ट्यूबा काढून एकेक दुमड ताडून पाहिली. एका ट्यूबवर तोच आकडा निघाला. "अक्का, हे तर सगळ्यात कडक स्टिरॉइड! डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी कुणाला देत नाही."

पुढच्या सभेला अक्का गेली ती पोतं घेऊन, आणि सोबत औषधवाल्यानं गाठ घालून दिलेल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन.

"महाराज, लेपात काय असतं?"

"राख, लोणी आणि आमची साधना."

"मग लावा की तोंडाला. सकाळ-संध्याकाळ, चार महिने. आम्ही रोज बघायला येऊ."

"मला कुठं आजार आहे?"

"लोणी लावायला आजार कशाला लागतो?" अक्कानं बोटभर लेप काढून त्यांच्या गालाजवळ नेला. महाराज असे मागं सरले, की खुर्चीसकट आडवे झाले. लोण्याला कुणी एवढं भीत नाही, हे शेवटच्या रांगेलाही कळलं. अक्कानं अख्खं पोतं त्यांच्या अंगावर रिकामं केलं, आणि तिला फार बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेपात या ट्यूबांतलं स्टिरॉइड आहे. औषध वाईट नाही. योग्य जागी, मोजके दिवस मीही देते. पण महिनोन्‌महिने फासलं की कातडी विरते, आणि एकदम सोडलं की आजार दुपटीनं उसळतो. घरात लेप असेल तर फेकू नका, घेऊन माझ्याकडे या. इसब पापानं होत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही."

पोलीस आले तेव्हा महाराजांनी हात जोडले. "ताई, माफ करा."

"नाही करत," अक्का म्हणाली आणि तिनं तक्रारीखाली सही केली. आता दर तारखेला ती कोर्टात त्यांच्या नजरेसमोर बसते. दया येत नाही का, असं कुणी विचारलं, तर सरळ नाही म्हणते.

खाज अजून आहे. डॉक्टरीणबाईंच्या उपचारांनी हळूहळू आटोक्यात येतेय. परवा त्या खुर्च्या सरकवणाऱ्यांपैकीच एक बाई दुकानात आली. "अक्का, दुसरा कुणी चांगला बाबा आहे का गं?"

अक्कानं तिला समोर बसवलं. "तीन दिवसांत बरं करतो म्हणेल, त्याला आधी विचार, यात काय घातलंय? सांगत नसेल तर उठायचं आणि सरळ दवाखान्यात जायचं. आणि तुझी शंका हे पाप आहे असं म्हणाला, तर मला बोलावून घे."