साठ फुटांची वाट

"साहेब, यावर शिक्का कुठे मारू?"

वाहन नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी कागद नखाने खरवडून पाहिला. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर 'डार्लीन' असं नाव होतं. कागद म्हणजे माझ्या वडिलांच्या गाडीचा जन्मदाखला. ज्या कारखान्याने तिचा सांगाडा आणि फायबरचं अंग खोक्यांत भरून पाठवलं, त्याने दिलेला. वडिलांनी तो प्लास्टिकमध्ये कडेकोट बंद करून घेतला होता.

"वरूनच मारा की," वडील म्हणाले. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाशी चाकांवरची टाकी. "शाई चांगली असेल तर बसेल."

"साहेब, कारखान्याने गाडी तुम्हाला दिल्याची सही याच्या पाठीवर लागते. ती जागा कोरी आहे, आणि तुम्ही ती जन्माची कोरी करून टाकलीत. लॅमिनेशन केलेला हा आमच्या लेखी कागदच नाही."

"मग काय आहे?"

"ताटाखाली घालायला छान आहे."

वडील हसले आणि हसता हसता खोकत सुटले. खोकला थांबेपर्यंत डार्लीनबाई मान खाली घालून बसल्या. मग हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "कारखान्याकडून दुसरी प्रत आणा. बाकी सगळं ठीक आहे."

कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला होता. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे.

माझे वडील एमिल हुदाक यांनी ओहायोतल्या आमच्या नदीकाठच्या गावात चौतीस वर्षं शाळांचे बॉयलर सांभाळले. बॉयलरच्या तळघरात साधा कागद महिनाभरही टिकत नाही. वाफ त्याला खाऊन टाकते. म्हणून कोणती झडप कधी उघडायची, आग लागली तर काय करायचं, सगळं ते प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला टांगत. सवय घरी आली. माझं शाळेचं प्रगतिपुस्तक, आईच्या हातची पिरोगीची, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांची, कृती, तिच्या अंत्यविधीची पत्रिका. जो कागद प्लास्टिकमध्ये गेला नाही, तो त्यांच्या लेखी कुणाला नको असलेला कागद होता. गाडीचा दाखला तर त्यांनी आला त्याच दिवशी बंद केला.

गाडी साठच्या दशकातल्या एका शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती होती. बुटकी, उघडी, गर्द निळी. ती जुळवायला त्यांना अकरा वर्षं लागली. ती पुरी झाली त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसांतली धूळ आम्हाला फोटोत दाखवली. जुन्या बॉयलरांवरच्या लेपाची धूळ. वसंतापर्यंत, डॉक्टर म्हणाले होते.

ओहायोत अशा गाडीच्या कागदावर 'स्वतः जुळवलेली' असं लिहून येतं आणि जुळवणाऱ्याचं नाव पडतं. वडिलांना तेवढी एक ओळ हवी होती. नंबराची पाटी आणि ती ओळ.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दाखला चार तास फ्रीजरमध्ये ठेवला. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन, केस वाळवायच्या यंत्राची ऊब देत, पातळ पात्याने कोपरा सोडवायला बसले. त्यांचा हात कधी चुकत नसे. तेव्हाही चुकला नाही. प्लास्टिक एकसंध, अलगद निघालं, आणि कारखान्याची मोहर, गाडीचा क्रमांक, सगळी शाई त्याच्याबरोबर निघाली. टेबलावर एक पांढरा कागद राहिला.

"कोरिन," ते म्हणाले, "हे तेवढं कपाटात ठेव."

त्यांनी प्लास्टिक माझ्या हातात दिलं. उजेडात धरलं की अक्षरं उलटी दिसत होती.

आमच्या गावात पूल ओलांडला की वेस्ट व्हर्जिनिया राज्य लागतं आणि वीसेक मिनिटांत पेनसिल्व्हेनिया. मी पुलापलीकडे राहते. गाडी माझ्या नावावर करून माझ्या राज्यात नोंदवावी म्हणून गेले, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "जिथे बांधली तिथला कागद आधी आणा." पेनसिल्व्हेनियात त्यांनी मूळ दाखला मागितला. मी प्लास्टिक पुढे केलं. तिथल्या तरुण मुलीने ते उजेडात धरलं, नीट वाचलं, आणि "माफ करा हं," म्हणून दोन्ही हातांनी परत दिलं.

मग एका रविवारी लाइल आला. लाइल मॅकेन्री हा वडिलांचा गाड्यांच्या क्लबातला दोस्त. तिघांत मिळून एक डोनटचं खोकं त्याने आणलं आणि अर्धं स्वतःच संपवलं.

"एमिल, दक्षिणेत माझ्या ओळखीचा एक जण आहे. त्याच्याकडे भंगारात गेलेल्या खऱ्या गाड्यांचे कागद असतात. तुझी गाडी कागदावर पासष्ट सालची होऊन जाईल. दोन आठवड्यांत पाटी घरपोच."

"पासष्ट साली मी दुसरीत होतो."

"मग?"

"मग ती मी कशी बांधली?"

"अरे बाबा, कुणी विचारणार आहे का? पोलीस थांबवेल तो गाडीबरोबर फोटो काढायला!"

"मला माहीत असेल ना."

"तुला माहीत असून काय उपयोग, गाढवा? तुझ्याकडे किती..." लाइल मध्येच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोनटचं खोकं बंद केलं.

"बोल ना," वडील म्हणाले. "किती दिवस आहेत ते मलाही माहीत आहे. म्हणून तर दुसऱ्याचं नाव नको."

रोज चार वाजता ते गाडी बाहेर काढत. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत आमची सिमेंटची वाट साठ फुटांची. इंजिन तापू द्यायचं, सावकाश पुढे यायचं, सिमेंट संपून डांबर सुरू होतं तिथे पुढची चाकं आणून थांबायचं. दोन्हीकडे पाहायचं, जणू वळायचंच आहे. मग रिव्हर्स. समोरचे गृहस्थ पायरीवरून ओरडायचे, "एमिल, टोल भरलास का?" वडील हात वर करायचे.

एकदा मी शेजारी बसले होते. लाइलने अंतर मोजायचा नवा इलेक्ट्रॉनिक मीटर घे म्हणून पाठ धरली होती, पण त्यांनी भंगारातून तारेवर चालणारा जुनाच शोधून, शून्यावर आणून बसवला होता.

"बघ," ते म्हणाले. पुढे जाताना शेवटचा पांढरा आकडा केसभर वर सरकला. मागे येताना तेवढाच खाली उतरला. "जुने मीटर मागे गेलं की उलटे फिरतात. नवे फिरत नाहीत. नवे नुसतं मोजत सुटतात."

जानेवारीत एक ऊबदार दिवस निघाला. गाडी वाटेच्या टोकाशी उभी होती. मी म्हटलं, "डॅड, चर्चपर्यंत जाऊन येऊ या. पाच मिनिटं. कोण अडवतंय?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं, जातात.

"पाटीशिवाय?" ते म्हणाले. "उद्या काही झालं तर म्हणतील, म्हाताऱ्याला बांधता येत नव्हती."

आणि त्यांनी रिव्हर्स टाकला.

एका वकिलाने शेवटचा मार्ग सांगितला होता. जुळवणाऱ्याने न्यायाधीशांपुढे उभं राहून शपथ घ्यायची, की ही गाडी मी बांधली. मग कोर्ट कागद देतं. तारीख मिळाली अकरा मार्च. वडिलांनी तारखेचा कागद फ्रीजच्या दारावर लावला. प्लास्टिकमध्ये न घालता.

ते वीस फेब्रुवारीला गेले.

अकरा मार्चला मी कोर्टात गेले. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी सगळी फाइल वाचलेली होती. असं फार कमी वेळा होतं.

"मिस हुदाक, ही शपथ ज्याने काम केलं त्यालाच घेता येते. तुम्ही या गाडीच्या बांधणीत भाग घेतला होता का?"

मी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. तिथे मला खोटं पाडू शकेल असं कुणी नव्हतं.

"मी बॅटरी धरायचे," मी म्हणाले. "उजेडासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "किती वर्षं?"

"शाळेत होते तेव्हा त्यांचं गवत कापायचं यंत्र. मग ट्रक. मग ही."

त्यांनी मान हलवली आणि फाइल मिटली.

मे महिन्यात मी गाडी सुटे भाग म्हणून विकली. कागद नसलेली गाडी तशीच विकता येते. टेनेसीहून एक सभ्य माणूस ट्रेलर घेऊन आला. त्याने बॉनेट उघडून वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि टोपी काढली.

"हे ज्याने केलं त्याला काम येत होतं, मॅडम."

"तुमच्याकडे कागद होईल हिचा?"

"होईल. आमच्याकडे मी सुट्या भागांतून जुळवली असं लिहून द्यायचं."

"जुळवणारा म्हणून नाव?"

तो जरा अवघडला. "माझंच पडेल. तशी पद्धत आहे."

मी वडिलांच्या बिलांची जाडजूड फाइल त्याला दिली. ओलीने खराब होणार नाहीत, असं सांगितलं. मग तो आत बसला. मीटरच्या काचेवरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली आणि वाकून पाहिलं.

"सगळी शून्यं! म्हणजे ही एकदाही चाललेली नाही?"

साडेतीन महिने, रोज चार वाजता, साठ फूट पुढे आणि साठ फूट मागे.

"नाही," मी म्हणाले.

त्याने गाडी ढकलत ट्रेलरवर चढवली आणि चारही चाकं पट्ट्यांनी आवळून बांधली. समोरचे गृहस्थ पायरीवर उभे होते, ते काही ओरडले नाहीत. ट्रेलर वाटेवरून सावकाश खाली गेला. सिमेंट संपून डांबर सुरू होतं तिथे जरासा उचलला गेला. गाडी त्या जागेवरून पुढे गेली. तिची चाकं फिरली नाहीत.